भिंतीवरचा नंबर

एका गावाच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने दहा आकडी मोबाइल नंबर लिहिलेला आहे. वर मोठ्या अक्षरात, ‘पाणी कधी सुटणार? मिस्ड कॉल द्या.’ अक्षर वळणदार आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या चौघांच्या गटातल्या एका मुलीने दोन तास उन्हात उभं राहून ते रंगवलं होतं. त्या गटाचा मार्गदर्शक मी होतो.

कल्पना मुलांचीच. गावात चार-पाच दिवसांनी एकदा नळाला पाणी येतं आणि ते कोणत्या वेळी येईल, हे विहिरीवरच्या मोटारीला वीज कधी मिळते यावर ठरतं. पाण्याच्या दिवशी घरातली एक बाई कामाचा खाडा करून नळाशी थांबते, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते. मुलांनी साधी व्यवस्था बसवली. पाणी सोडणारे काका सकाळी आपल्या बटणांच्या फोनवरून एक निरोप बोलून ठेवायचे, ‘आज वरच्या आळीला दुपारी दोननंतर.’ बायकांनी त्या नंबरवर मिस्ड कॉल दिला की उलट फोन यायचा आणि काकांचा आवाज ऐकू यायचा. अ‍ॅप लागत नव्हतं, वाचता येण्याची गरज नव्हती, बोलणारा माणूस ओळखीचा होता. महाविद्यालयाच्या प्रकल्प स्पर्धेत पहिला क्रमांक मिळाला. वर्तमानपत्रात फोटो आला.

पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या कामासाठी त्या गावात गेलो, तेव्हा एका आजींनी मला ओळखलं आणि म्हणाल्या, “सर, तो नंबर लागला तर कुणी भलताच माणूस बोलतो.” मी तिथेच उभा राहून नंबर लावला. पलीकडून एका गृहस्थांनी उचलला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, “पाणी सुटलं का ते मला माहीत नाही हो. हे कुठलं गाव आहे, तेही मला माहीत नाही.”

काय झालं असेल ते लगेच लक्षात आलं. सिमकार्ड गटातल्या एका मुलाच्या नावावर होतं. मुलं पास झाली, नोकरीला लागली, रिचार्ज संपला. नव्वद दिवस वापर झाला नाही की कंपनी नंबर बंद करू शकते आणि काही काळाने तो दुसऱ्याला देते. तसा तो दिला गेला. भिंतीवरचं अक्षर मात्र तसंच राहिलं.

त्या प्रकल्पाचा अहवाल चौऱ्याऐंशी पानांचा आहे. त्यात सर्किटची आकृती आहे, खर्चाचा तक्ता आहे, आणि शेवटी ‘भविष्यातील वाव’ नावाचं प्रकरण आहे. ही सेवा पन्नास गावांत कशी नेता येईल, ते त्यात लिहिलं आहे. जूनमध्ये रिचार्ज कोण करणार, एवढं एकच वाक्य त्यात नाही. ते मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, कारण मूल्यमापनाच्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता. रकाना होता ‘नावीन्य’ या नावाचा, आणि त्याला भरपूर गुण होते.

या रकान्याबद्दलच मला आज लिहायचं आहे. समाजासाठी केलेल्या विद्यापीठीय प्रकल्पांकडून नावीन्य मागणं थांबवावं, निदान पहिल्या क्रमांकाची अपेक्षा म्हणून तरी थांबवावं. त्याऐवजी मागच्या बॅचने सुरू केलेलं काम पुढे नेणं, दुरुस्त करणं, आणि चालत नसेल तर नीट बंद करणं याला पूर्ण गुण द्यावेत, असं माझं म्हणणं आहे.

ही बाब आत्ता तातडीची आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीत महाराष्ट्राने पदवीची जी क्रेडिट-रचना आणली, तिच्यात फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्ट, म्हणजे महाविद्यालयांत ज्याला सगळे नुसतं ‘सीईपी’ म्हणतात, यांना अधिकृत जागा मिळाली. प्रात्यक्षिक कामाचं एक क्रेडिट म्हणजे तीस तास. दोन क्रेडिटचा प्रकल्प म्हणजे साठ तास. कला, वाणिज्य, विज्ञान अशा सगळ्या शाखांची मुलं आता दरवर्षी साठ-साठ तास घेऊन गावात आणि वस्तीत जाणार. पूर्वी ही वाट हौशी प्राध्यापक आणि त्यांच्याभोवती जमलेली चार मुलं यांच्यापुरती होती. आता ती सक्तीची आहे. प्रत्येक गटाने काहीतरी नवं करायचं ठरवलं, तर एकाच वस्तीच्या दारात दर वर्षी नवा सर्व्हे, नवं अ‍ॅप आणि नवी शॉर्ट फिल्म येऊन उभी राहील. मागचं काय झालं, हे सांगायला कुणी नसेल.

आपल्याकडेच याच्या उलट झालेलं उदाहरण आहे, आणि ते इतकं ओळखीचं आहे की त्याचा उगम आपण विसरून गेलो आहोत. १०९८ हा क्रमांक. रेल्वे स्टेशनांवर, एसटी स्टँडवर, शाळांच्या भिंतींवर आपण तो वर्षानुवर्षं पाहत आलो. ही चाइल्डलाइन १९९६ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून सुरू झाली, संस्थेचा एक क्षेत्रकृती प्रकल्प म्हणून, म्हणजे प्रत्यक्ष लोकांत जाऊन करायच्या कामाचा प्रकल्प म्हणून. तिथे शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया रस्त्यावरच्या मुलांमध्ये काम करत होत्या. अडचण आली तर फोन करा म्हणून त्यांनी मुलांना स्वतःचा नंबर दिला होता, आणि रात्री-अपरात्री खरोखरच फोन येऊ लागले. पोलिसांनी उचललं म्हणून, कुणी आजारी आहे म्हणून, आणि कधी नुसतं कुणाशी तरी बोलायचं म्हणून.

यातलं तंत्रज्ञान पाहा. पब्लिक टेलिफोन. तेव्हाही त्यात नवं काही नव्हतं. पण मुलांकडे नाणं नसतं म्हणून फोन फुकट हवा, आणि वाचता न येणाऱ्या मुलाच्याही लक्षात राहील असा क्रमांक हवा, ही दोन्ही उत्तरं मुलांसोबत राहूनच सापडणारी होती. दहा-नऊ-आठ, उलटी मोजणी. शाळेत न गेलेलं पोरही ते म्हणू शकतं. त्यानंतरचं काम कुठल्याही स्पर्धेत दाखवता येणार नाही असं होतं. दूरसंचार खात्याकडून देशभर एकच मोफत क्रमांक मिळवायचा, रात्रपाळीला माणूस बसवायचा, पोलिस ठाणं, सरकारी रुग्णालय आणि बालगृह यांना मुलाशी कसं बोलायचं ते शिकवायचं. आणि नुसते फोन लावून पाहणाऱ्या, उचलल्यावर गप्प राहणाऱ्या मुलांचेही फोन घेत राहायचं, कारण असा फोन म्हणजे पलीकडे खरंच कुणी आहे का, याची मुलाने घेतलेली परीक्षा असते. पुढे त्यासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली, सेवा देशभर गेली, आणि २०२३मध्ये ती सरकारी यंत्रणेकडे सोपवून ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडण्याचं काम सुरू झालं. या हस्तांतराबद्दल बालहक्कांच्या क्षेत्रातल्या लोकांच्या काळज्या आहेत आणि त्यातल्या काही मलाही पटतात. पण एका संस्थेच्या वर्गाला लागून सुरू झालेला फोन पाव शतकाहून अधिक काळ वाजत आणि उचलला जात राहिला.

त्याच संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांच्या आवारात हिंसाग्रस्त स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तोही पुढे राज्य सरकारने आपला मानला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. दोन्हींमध्ये विद्यार्थी येत-जात राहिले आणि काम मात्र एका जागी टिकलं. ही रचना आपल्याला ठाऊक नाही असं नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली तेव्हापासून ‘दत्तक गाव’ हा शब्द आपण वापरतो. दत्तक घेतलेलं मूल आपण दरवर्षी बदलत नाही.

दुसरं उदाहरण दिल्लीचं. आयआयटी दिल्लीत प्राध्यापक एम. बालकृष्णन यांच्या एम्बेडेड सिस्टिम्सच्या वर्गातल्या मुलांनी अंध व्यक्तींसोबत बसून त्यांच्या रोजच्या अडचणी समजून घेतल्या. पांढऱ्या काठीने जमिनीवरचा खड्डा, पायरी, दगड कळतो. पण गुडघ्याच्या वर जे असतं, म्हणजे झाडाची खाली आलेली फांदी, उघडी खिडकी, उभ्या ट्रकचा मागे आलेला भाग, ते काठीला कळत नाही आणि थेट तोंडावर आदळतं. वटवाघळासारखा आवाजाच्या लहरींनी अडथळा ओळखायचा आणि काठीची मूठ थरथरवून सांगायचं, अशी युक्ती मुलांनी काढली. ही गोष्ट २००५च्या आसपासची. स्मार्टकेन नावाने ती काठी लोकांच्या हातात आली ३१ मार्च २०१४ला.

मधली नऊ वर्षं कशात गेली? सेन्सरची युक्ती तर सुरुवातीलाच सापडली होती. वर्षं गेली ती मुठीत. काठी धरायच्या पद्धती माणसागणिक वेगळ्या असतात, आणि पकड बदलली की सेन्सरचं तोंडही बदलतं. थरथर हाताला नेमकी कुठे जाणवावी, चार्जिंग करताना पिन कुठे आहे हे बोटांना कसं कळावं, पावसाचं काय करायचं, आणि नव्या काठीवर चालायला शिकवणार कोण. विद्यार्थी बदलत गेले. त्यातल्या एकाने पुढे हेच काम धरून ठेवलं, चेन्नईच्या एका वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपनीने उत्पादन घेतलं, अंध व्यक्तींसाठी काम करणाऱ्या संस्थेने वाटप आणि प्रशिक्षण घेतलं. किंमत तीन हजारांच्या घरात राहिली. परदेशी काठ्या त्याच्या कितीतरी पट महाग होत्या. त्याच प्रयोगशाळेतून मग बोटांनी वाचता येणाऱ्या आकृत्यांची पाठ्यपुस्तकं निघाली. आपल्या एखाद्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षीच्या मुलांनी ‘आम्ही मागच्या गटाच्या काठीची मूठ सुधारतो’ असा प्रस्ताव दिला असता, तर समितीने काय म्हटलं असतं? अशा समितीत मी बसलो आहे. “हे तर झालंय. नवं काय?” असं म्हटलं असतं.

आता थोडं कर्जतकडे येतो, कारण या एका तालुक्यात दोन वेगळ्या पद्धती शेजारी-शेजारी पाहायला मिळाल्या.

अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधून २००५ साली निकोलस नेग्रोपाँटे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. जगातल्या प्रत्येक गरीब मुलाच्या हातात एक. हिरवा-पांढरा, मजबूत, उन्हातही पडदा वाचता येईल असा. यंत्र म्हणून ते खरोखर सुरेख होतं. भारत सरकारच्या शिक्षण खात्याने २००६मध्ये त्याला नकार दिला. तरीही २००७मध्ये भारतातला पहिला प्रयोग झाला तो रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैरात या पाड्याच्या एकशिक्षकी शाळेत. मुलं रमली, फोटो काढू लागली, लिहू लागली, याच्या हकिगती आहेत आणि त्यांवर अविश्वास ठेवण्याचं मला कारण नाही. एका मनापासून शिकवणाऱ्या शिक्षकाच्या हातात काहीही दिलं तरी मुलं शिकतात. पण खैरातचा प्रयोग राज्यातल्या शाळांपर्यंत पसरला नाही. जिथे तो प्रचंड प्रमाणावर झाला, त्या पेरूमध्ये ३१९ ग्रामीण शाळांचा शास्त्रशुद्ध अभ्यास करण्यात आला आणि २०१२मध्ये निष्कर्ष आला, की गणित आणि भाषेच्या परीक्षांतल्या गुणांवर काही परिणाम दिसत नाही. लॅपटॉप पोचला होता. त्याच्यासोबत शिक्षकाला काय द्यायचं, बिघडल्यावर दुरुस्ती कुठे, धड्यात तो बसवायचा कसा, हे मागे राहिलं होतं.

त्याच कर्जतमध्ये आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ या केंद्राची मुलं पाण्यावर काम करत होती. हे केंद्र १९८५ सालचं, ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान शोधण्याकरता काढलेलं. कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि मार्च उजाडला की आदिवासी वाड्यांवर टँकर लागतो. हे का होतं, याचा शोध घ्यायला मुलं विहिरी मोजत, पाइपलाइन जिथे फुटली तिथपर्यंत चालत, आणि जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात बसून जुन्या योजनांच्या फायली वाचत. उत्तर कर्जतच्या वाड्यांना नळाने पाणी देणं शक्य आहे का, याचा आराखडा एका गटाने मांडला. मग पुढचे गट मोखाड्यात गेले, जिथून मुंबईला पाणी जातं आणि जिथे उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढावे लागतात. प्राध्यापक मिलिंद सोहोनी आणि त्यांचे सहकारी हा धागा सोडत नव्हते. त्यातूनच २०१६मध्ये राज्य सरकारचं उन्नत महाराष्ट्र अभियान आलं, म्हणजे स्थानिक अभियांत्रिकी महाविद्यालयाने स्वतःच्या जिल्ह्याचे प्रश्न प्रशासनासोबत अभ्यासायचे आणि त्या अभ्यासाचा मोबदलाही मिळवायचा. नंतर नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची जी पद्धत वापरली गेली, तीही याच मंडळींच्या कामातून आली. या सगळ्यात डोळे दिपवणारं यंत्र एकही नाही. सगळा जोर आहे तो एका मोजणीवर दुसरी मोजणी रचत जाण्यावर, आणि सरकारी फाइल वाचायची लाज न बाळगण्यावर.

मी मीडिया लॅबला नावं ठेवत नाही. त्याच एमआयटीच्या नील गेर्शनफेल्ड यांनी अमेरिकेबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी हव्या त्या वस्तू बनवायची छोटी कार्यशाळा, २००२मध्ये जिथे दिली, ती जागा म्हणजे शिरूर तालुक्यातलं पाबळ, डॉ. श्रीनाथ कलबाग यांचा विज्ञान आश्रम. तिथे ती रुजली, कारण यंत्रं येण्याआधी जवळपास वीस वर्षं, १९८३पासून, तिथली मुलं गावाला हवी ती कामं करूनच शिकत होती. वेल्डिंग, बांधकाम, शेती, विहिरीसाठी पाण्याचा शोध. गावकरी त्यांना काम सांगत, पैसे देत, आणि काम बिघडलं तर बोलूनही दाखवत. बोलून दाखवण्याचा हक्क हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्या प्रकल्पांत गावकरी ‘लाभार्थी’ असतो. लाभार्थी तक्रार करत नाही, तो फोटोसाठी उभा राहतो.

फोटोवरून माध्यमांच्या विद्यार्थ्यांकडे वळतो. त्यांची अडचण अभियांत्रिकीच्या मुलांपेक्षा वेगळी आहे, आणि माझ्या मते जास्त नाजूक आहे, कारण ते वस्तूऐवजी माणसाची गोष्ट घेऊन जातात. ऊसतोड कामगारांवरच्या विद्यार्थी लघुपटांचंच पाहा. कोपीत, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपडीत शिरून घेतलेली दृश्यं, पहाटेच्या थंडीत मोळी उचलणारी बाई, शाळा सुटलेली पोरं. लघुपट महोत्सवात जातो, पुण्या-मुंबईत दाखवला जातो, चर्चा होते. त्या बाईने तो पाहिला का, असं विचारलं की उत्तर येतं, “त्यांचा फोन लागत नाही.” फोन लागत नाही, पण वेळापत्रक तर ठाऊक आहे. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या बीड, नगर भागातून निघतात आणि हंगाम संपला की परततात. मे महिन्यात गावच्या मारुतीच्या पारावर एक पडदा लावायचा आहे. प्रवासखर्च हजार-दोन हजार. तेवढ्या एका रात्रीत त्या चित्रपटाबद्दल जे ऐकायला मिळेल, ते कुठल्या परीक्षकाला सांगता येणार नाही. ‘हे दाखवू नका, मुलीचं लग्न व्हायचंय,’ असंही कुणी म्हणेल, आणि मग तो भाग काढावा लागेल. काढावाच. लघुपटाचे निम्मे गुण या परतीच्या प्रयोगासाठी ठेवले, तर चित्रीकरणाच्या वेळी कॅमेरा धरणारा हातही वेगळा वागेल.

परत जाणं म्हणजे काय, याचा एक मोठा दाखला विद्यापीठाच्या चौकटीबाहेर, पण आपल्याच मातीत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या हजारहून जास्त गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. संगणकावर त्यांची सूची बनली. २०१७पासून ‘परी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहावर त्या येऊ लागल्या, तेव्हा त्यासाठी पुन्हा गावोगाव जाऊन त्या गाणाऱ्या बायांना शोधलं गेलं, काही वारल्या होत्या, काहींनी पुन्हा गायलं. ओवीखाली बाईचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. आमच्या विद्यार्थ्यांच्या अहवालात ‘मुलाखत क्रमांक ७, महिला, वय अंदाजे ४५’ असतं.

रेडिओने मला याबाबत बरंच शिकवलं. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५मध्ये सांगितलं. शिक्षणसंस्थांना कॅम्पस रेडिओची परवानगी २००२च्या अखेरीस मिळाली, आणि १ फेब्रुवारी २००४ला चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात देशातलं पहिलं असं केंद्र बोलू लागलं. पुण्यात विद्यापीठाची विद्यावाणी आहे. सामुदायिक रेडिओ केंद्राच्या धोरणात अट आहे, की किमान अर्धा कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झाला पाहिजे. ही अट पाळणं कठीण आहे आणि म्हणून ती मोलाची आहे. रेडिओला काल काय केलं याचं कौतुक नसतं, त्याला उद्या सकाळी पुन्हा बोलावं लागतं. परीक्षा असो की दिवाळीची सुट्टी, कुणीतरी चावी घेऊन येतं आणि स्टुडिओ उघडतं. प्रकल्पाच्या मुलांना एक सत्र अशा केंद्रात बसवलं, तर ‘सातत्य’ या विषयावर वेगळं व्याख्यान द्यावं लागणार नाही.

माझ्या म्हणण्यावर सहकाऱ्यांचे आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा, की विद्यार्थी शिकायला आलेला असतो, त्याला गावाची सेवा चालवायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे. चुकण्याचा, अर्धवट सोडण्याचा हक्क त्याला हवा. चुकण्याचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. प्रयोगशाळेत चुका. गावात चुकलात तर गावाला सांगा, एवढंच मागणं आहे. एखादी सेवा बंद पडणार असेल तर तिच्या बंद होण्याची तारीख ठरवावी, ग्रामपंचायतीला लेखी द्यावी, आणि भिंतीवरचा नंबर चुना मारून पुसावा. हे काम करणाऱ्या गटालाही पैकीच्या पैकी गुण मिळावेत. बंद का करावं लागलं, याचा प्रामाणिक अहवाल तर कुठल्याही ‘भविष्यातील वाव’पेक्षा पुढच्या बॅचच्या जास्त कामाचा आहे.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. मागच्यांचंच काम घेतलं तर मुलं काय शिकणार, सरळ नक्कल करतील. मला नेमकं उलट वाटतं. ही मुलं नोकरीला लागतात तेव्हा पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर कोरा पडदा येत नाही. दुसऱ्या कुणी सात वर्षांपूर्वी लिहिलेला, अर्धवट टिपणं असलेला कोड येतो आणि तो समजून घ्यावा लागतो. निवासी डॉक्टर रात्री वॉर्डात येतो तेव्हा रुग्ण आदल्या पाळीचा असतो, आणि केसपेपर नीट लिहिलेला नसेल तर जिवावर बेततं. दुसऱ्याचं काम वाचणं, त्यातली चूक शोधणं, आणि त्याच्यावर राग न काढता ती दुरुस्त करणं ही शिकवण्याजोगी विद्या आहे. आपण ती शिकवत नाही. नकलेची भीती असेल तर मागच्या वर्षी काय होतं आणि या वर्षी काय बदललं याची दोन पानं मागा. नक्कल तिथेच उघडी पडते. आज ‘नवं’ म्हणून येणाऱ्या महिला-सुरक्षा अ‍ॅपपैकी बहुतेक एकमेकांची नक्कलच असतात. फक्त नाव वेगळं असतं आणि मागचा गट दुसऱ्या महाविद्यालयाचा असतो.

तिसरा आक्षेप मी टाळू शकत नाही. हे सातत्य राखणार कोण? कंत्राटी प्राध्यापक, ज्याला पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हेच माहीत नाही? तासिका तत्त्वावर शिकवणारी बाई, जिला गावापर्यंतच्या प्रवासाचे पैसेही मिळत नाहीत? हा आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तर माझ्यासारख्याकडे नाही, सरकारकडे आहे. कायम शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवून मुलांना सीईपीचे तास भरायला लावणं म्हणजे हजेरीपत्रकावर समाजसेवा करणं. धोरण मनापासून राबवायचं असेल, तर प्रत्येक महाविद्यालयात या कामापुरता एक कायमचा माणूस, एक छोटा निधी आणि एक कपाट हवं.

कपाट मी गंभीरपणे म्हणतोय. त्यात प्रत्येक चालू प्रकल्पाची एक वही असावी. कोणत्या गावात कुणाशी बोललो, काय कबूल केलं, कोणतं यंत्र कुणाकडे आहे, पासवर्ड कुठे आहे, लोकांची कोणती माहिती गोळा केली आणि ती कधी नष्ट करणार. आज गावातल्या घरोघरची माहिती, जात, आजार, कर्ज, हे सगळं कुठल्यातरी पास झालेल्या मुलाच्या गूगल ड्राइव्हवर पडून आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये संमत झाला, तरी आमच्या अहवालांच्या परिशिष्टात मोबाइल नंबरांच्या याद्या अजून छापल्या जातात.

आणि अहवाल गावाला वाचता यावा. चौऱ्याऐंशी पानं इंग्रजीत विद्यापीठासाठी असू द्यात. दोन पानं मराठीत, मोठ्या टायपात, ग्रामपंचायतीसाठी असावीत. १ मेला ग्रामसभा असते आणि आमचं वर्षही तेव्हाच संपत आलेलं असतं. मुलांनी त्या सभेत उभं राहून ती दोन पानं वाचावीत आणि लोकांनी विचारलेल्या प्रश्नांची नोंद मार्गदर्शकाने करावी. पंचवीस गुण त्या नोंदीला. सभेत कोरम भरला नाही, कुणी ऐकायलाच आलं नाही, तर तीही नोंद करावी. आपला प्रकल्प गावाला कितपत हवा होता, हे त्यातून कळतं.

पाण्याच्या त्या नंबरचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. पुढच्या बॅचमधल्या तिघांना मी तो प्रकल्प सुचवला. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी समजू शकलो. मागच्यांचं उष्टं का घ्यायचं, असं त्यांना वाटलं असणार. मी त्यांना त्या अनोळखी गृहस्थांना फोन लावायला सांगितलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकाने विचारलं, “सर, सिम कुणाच्या नावावर घ्यायचं?”

विभागाच्या नावावर घेतलं. ग्रामपंचायतीने पाणीपट्टीच्या जमेतून वर्षाचा रिचार्ज करायचा ठराव केला, त्यासाठी मुलांना चार फेऱ्या माराव्या लागल्या आणि एकदा मासिक सभाच रद्द झाली. काकांना बोलून ठेवायला सकाळी वेळ मिळत नाही, म्हणून त्यांच्या मुलीलाही ते करता येईल असा बदल केला. भिंतीवरचा जुना नंबर पुसून नवा लिहिला, या वेळी अक्षर जरा वाकडं आलं आहे. त्या गृहस्थांना मुलांनी फोन करून सांगितलं, की आता तुम्हाला त्रास होणार नाही. स्पर्धेत या गटाला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांचा शेरा होता, ‘संकल्पना जुनी.’

फोन आता विभागाच्या कपाटात असतो, चार्जरला लावलेला, शेजारी वही. मे महिन्यात महाविद्यालय बंद असतं आणि गावात पाण्याची सगळ्यात जास्त ओढ तेव्हाच असते. म्हणून या सुट्टीत तो माझ्या घरी आहे. आज सकाळपासून एकोणीस मिस्ड कॉल आले.